शिळं उत्तर

खिरवंडीच्या शाळेत, वर्गामागच्या खोलीत, खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांशेजारी केतकीनं तो सर्व्हर बसवला. पोळपाटाएवढी काळी पेटी. बघायला सगळं गाव जमलं होतं आणि बघण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"एवढंच?" दिनकरतात्या म्हणाले. "आम्हांला वाटलं, पुण्याहून आलेली सून काहीतरी कपाटाएवढं आणणार."

"तात्या, हिला फक्त लक्षात ठेवायचंय. त्याला कितीशी जागा लागते?"

"आमच्या म्हातारीला विचार. तिच्या टाळक्यात माझी लग्नापासूनची पापं मावलीत."

लोक हसले. केतकीही हसली. पाठीला बांधलेली मनवा तिच्या मानेवर गाल टेकून झोपली होती, म्हणून अगदी हळू.

गाव धरणाच्या पल्याड. बाजार, दवाखाना, कचेरी, सगळं पाणी ओलांडून, लाँचनं. पाण्याखालून आलेली तार गाळात तुटली, ती परत टाकायला कुणी आलं नाही. मोठ्या सौरवादळात निम्मे उपग्रह निकामी झाल्यापासून वरूनही जे मिळायचं ते रेशनसारखं. शाळेच्या कौलांवरच्या तबकडीतून गावभराच्या घरांना मिळून एक अरुंद वाट. ढग आले की तीही बंद.

आणि नेमकी याच काळात माणसांची फोन नंबर लक्षात ठेवायची सवय मोडली होती. घरोघरी भिंतीवर 'हाळी' आली होती. पाटीएवढं यंत्र, त्याच्या कोपऱ्यात मुगाएवढा दिवा. समोर उभं राहून नाव घ्यायचं, माणूस कुठंही असो, हाळी त्याला शोधून काढायची. पत्ता सापडला की दिवा हिरवा व्हायचा, मग पलीकडं घंटी वाजायची. दिवा लागणं आणि माणसानं उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पण लोक दिव्यालाच भुलायचे. दिवा लागला म्हणजे माणूस आहे.

यंत्रांना नावं कळत नाहीत, आकडेच कळतात. म्हणून नाव घेतलं की आधी कुणालातरी विचारावं लागतं, या नावाचा आकडा काय? हा प्रश्न तबकडीतून वर जायचा, तिथून खाली कुठल्यातरी शहरात, तिथून आणखी कुणाकडं, आणि मग उत्तर त्याच वाटेनं परत. एकट्या खिरवंडीतून असे हजारो प्रश्न जायचे आणि त्यातले बहुतेक तेच ते असायचे. हवामान, रेशन, मुंबईतला भाऊ, नवजात केंद्र. अरुंद वाट प्रश्नांनीच भरून जायची, बोलायला जागा उरायची नाही.

"म्हणजे बघा," केतकीनं गावाला सांगितलं, "प्रत्येक घरानं मिठाच्या पुड्यासाठी वेगळा माणूस लाँचनं पाठवायचा, असं चाललंय आपलं. आता एकानं जायचं, आणलेलं इथं फळीवर ठेवायचं. दुसऱ्याला हवं झालं तर फळीवरून घ्यायचं. लाँच मोकळी."

"आणि फळीवरचं नासलं तर?" पूनमनं विचारलं. ती तात्यांची सून, पोटुशी, भिंतीला टेकून उभी होती.

चांगला प्रश्न होता. केतकीच्या व्यवसायात त्याला शब्दच होता, शिळी उत्तरं. माणूस जागा बदलतो, यंत्र बदलतं, फळीवरचा आकडा जुना होतो. म्हणून प्रत्येक उत्तरासोबत त्याचं आयुष्य लिहून येतं, इतका वेळ धर, मग टाकून दे. ते आयुष्य बहुतेक वेळा काही मिनिटांचं असायचं. शहरात ते ठीक. इथं ढगांचे आठ-आठ दिवस असायचे. केतकीनं स्वतःच्या अकलेनं दोन नियम घातले. एक, आलेलं उत्तर आठवडाभर धरायचं. दोन, आठवड्यानं परत विचारायचं, पण पलीकडून उत्तरच आलं नाही, तर जुनंच चालू ठेवायचं आणि आठवडा पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. कुणी विचारत असेल तोवर.

"नासत नाही," ती पूनमला म्हणाली. "शिळं होतं फार तर. अगदीच काही नसण्यापेक्षा शिळं बरं."

गावाला ते पटलं. डोंगरातल्या गावाला असली गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

*

पूनम दिवस भरायच्या बरीच आधी बाळंत झाली. मुलगी. कितीतरी दिवस शहरातल्या काचेच्या पेटीत राहून एका दुपारी ती लाँचनं गावी आली, आईच्या पदरात, मांजराच्या पिलाएवढी. छातीवर रुपयाएवढी पातळ चकती चिकटवलेली होती आणि चकतीत हिरवा दिवा.

सोबत निलोफर सिस्टर होत्या, जिल्ह्याच्या नवजात केंद्राच्या. त्यांनी ओसरीवर बसून सगळ्यांना समजावलं. "अशी बाळं कधीकधी श्वास घ्यायलाच विसरतात. आपण हलवलं की त्यांना आठवतं. चकती श्वास मोजते आणि केंद्राला कळवते. चकतीला स्वतःची अक्कल नाही हं, ती फक्त सांगते. तिकडचं यंत्र ठरवतं आणि काही बिघडलं तर पूनमचा फोन असा वाजतो की मेलेला उठेल."

"सिस्टर, बारशाआधी असलं बोलू नये," तात्या म्हणाले.

"चुकलं, तात्या."

चकतीची जोडणी बघायला केतकी शाळेत गेली. मनवाला तिनं तांदळाच्या पोत्यावर बसवलं आणि हातात पळी दिली, म्हणजे वाजवायला.

या कामातल्या माणसांना एक खोड असते. जोडणी सुरू आहे का, हे बघायला प्रत्येकाचं एक ठरलेलं नाव असतं, डोळे मिटून बोटांना येणारं. कुणाचं एखादं वर्तमानपत्र, कुणाचं स्वतःचं कॉलेज. केतकीचं नाव पहिल्या नोकरीपासून एकच होतं. धैर्यशील. तेव्हा तो नुसता मित्र होता आणि ती मुद्दाम त्याचं नाव टाकायची, त्याच्याकडं तिकडं खूण उमटायची, मग तो लिहायचा, 'जोडणी तपासतेस की मला?'

बोटांनी ते नाव टाकलं. मग तिच्या लक्षात आलं आणि हात कळांवरच थांबले.

धैर्यशीलला जाऊन दीड वर्ष झालं होतं. आसामात एका धरणाच्या भिंतीची पाहणी करताना दरड आली. तो घरी आला तो पेटीतून. पाण्याच्या काठी त्याला अग्नी दिला. मनवा तेव्हा दात यायच्या आधीची, केतकीच्या कुशीत.

पडद्यावर उत्तर आलं होतं. सापडलं. आकडाही तोच, तिला पाठ असलेला.

त्याचं नाव त्याच्या कंपनीकडं नोंदलेलं होतं, ते कुणी काढलं नव्हतं, आणि पेटी बसवल्यावर थोड्याच दिवसांत ती लहानशी कंपनी बंद पडली होती. तिची यंत्रं विकली गेली होती. 'धैर्यशील कुठं' असं जगात कुठूनही विचारलं, तर 'तो नाही' असं सांगायलाही तिथं कुणी नव्हतं. प्रश्न जायचा आणि परत यायचा नाही. उत्तर फक्त इथं होतं, तांदळाच्या पोत्यांशेजारच्या काळ्या पेटीत. तिच्या दुसऱ्या नियमानं ते धरून ठेवलं होतं.

तिनं आणखी बघितलं. नियम म्हणत होता, कुणी विचारत असेल तोवर. आणि नोंद सांगत होती, की हे नाव कालच विचारलं गेलंय.

मनवा पळी वाजवत होती. केतकीनं ती तिच्या हातून हळूच काढून घेतली, कारण तिला काहीतरी ऐकायचं होतं असं वाटत होतं. ऐकायला काही नव्हतं.

*

घरी दिवेलागण झाली होती. रंजनाबाईंनी, तिच्या सासूबाईंनी, मनवाला तिच्या कडेवरून घेतलं. त्यांना केतकी आत्याबाई म्हणायची, त्या बाजूला सासूला तसंच म्हणतात. त्यांनी देवाला दिवा लावला, हात जोडले, मग नात कडेवर घेऊन हाळीपुढं उभ्या राहिल्या आणि साध्या आवाजात, जेवायला बोलवावं तसं म्हणाल्या, "धैर्यशील."

दिवा हिरवा झाला.

"बाबा," मनवा म्हणाली.

"हां, बाबा," रंजनाबाई म्हणाल्या, आणि घंटी सुरू व्हायच्या आत त्यांनी हाळी बंद केली.

केतकी उंबऱ्यात होती. एरवी या वेळी ती शाळेत पेटीपाशी असायची आणि मनवा घरी. म्हणून तिला माहीत नव्हतं.

"आत्याबाई," ती शेवटी म्हणाली, "तो दिवा म्हणजे काय ते तुम्हांला…"

"मला नको शिकवू." त्या चिडल्या नव्हत्या. "अग्नी दिला तवा तू भानावर नव्हतीस. मी व्हते. मला सगळं ठावं हाय."

"मग?"

"मग काय. दिवा लागतोय न्हवं? लागला की मी चुलीला लागते. न्हाई लागला तर उभीच ऱ्हाईन." त्यांनी पोरीला खाली ठेवलं. "तुझ्या यंत्राचं काय बिघडतं त्यात?"

काही बिघडत नव्हतं. एक नाव, एक आकडा. फळीवरचा एक पुडा.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई ओढ्यावर गेल्या आणि मनवा झोपली, तेव्हा केतकी हाळीपुढं उभी राहिली. मग तिनं नाव घेतलं. दिवा लागला. तिनं तो तसाच ठेवला, पलीकडं घंटी वाजू दिली, नसलेल्या यंत्रात, नसलेल्या खोलीत. कुणी उचलत नाही, असं हाळी म्हणाली. गेला असेल कुठंतरी, असं तिच्या मनात इतकं सहज आलं, की तिनं घाईनं हाळी बंद केली.

त्या दिवसापासून ती रोजच त्याचं नाव घ्यायला लागली. एकमेकींना त्या काही बोलल्या नाहीत. पण भाकरी थापताना आत्याबाई आता गुणगुणायच्या, आणि केतकीला झोप लागायची.

*

पुढच्या खेपेला निलोफर सिस्टर आल्या तेव्हा त्यांनी निरोप आणला. "आमची यंत्रं नव्या इमारतीत हलवतायत. या रविवारी. सगळे पत्ते बदलणार. आमच्या माणसानं सांगितलंय, जिथं जिथं गावाचा सामाईक साठा आहे तिथं तो पूर्ण पुसा, एकदम, म्हणजे नव्यानं भरेल. तुम्हांला कळेल म्हणाला."

"कळलं," केतकी म्हणाली.

पूर्ण पुसणं म्हणजे एका ओळीची आज्ञा. गाव दोन दिवस कुरकुरलं असतं, सगळं हळू झालंय म्हणून. मग फळी परत भरली असती. ज्यांना उत्तर द्यायला जगात कुणी आहे, अशा सगळ्या नावांनी.

रविवारी दुपारी ती पेटीपुढं बसली. पूर्ण पुसायचीच गरज काय, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि कामाच्या माणसासारखं उत्तरही दिलं. केंद्राचं नाव तेवढं काढायचं. त्याच्या पोटातली बारीकसारीक नावंही काढायची. बाकीच्यांचा यात काय संबंध? नेमकं तेवढंच उचलावं, यालाच कसब म्हणतात.

तिनं नेमकं तेवढंच उचललं. मग पूनमच्या घरी जाऊन आली. चकतीचा दिवा हिरवा होता, बाळाच्या श्वासाचा हिशेब नव्या इमारतीत पोचत होता, तिकडून तशी पोचही आली. पूनमनं चहा केला. केतकीनं तो शांतपणे प्यायला.

संध्याकाळी घरचा दिवाही हिरवा झाला.

*

बाळाला तेल लावायला रंजनाबाई रोज सकाळी तात्यांकडं जायच्या. गावातल्या सगळ्या बाळांचं अंग त्यांच्याच हातून गेलेलं होतं. या बाळाला मात्र त्या बोटांच्या टोकांनीच लावायच्या, चकतीला धक्का न लावता, जात्यावरचं पीठ गोळा करावं तसं.

त्या रविवारनंतर दहाएक दिवसांनी एका सकाळी केतकीही गेली होती. ती उंबऱ्यावर पूनमशी बोलत बसली होती, बारशाबद्दल. नाव अजून ठरत नव्हतं. तात्यांना आजीचं नाव हवं होतं आणि पूनमला अजिबात नको होतं.

"सगळ्या गावाच्या यंत्रात नावं आहेत," पूनम म्हणाली, "आणि माझ्या पोरीचं अजून 'पूनमचं बाळ'."

आत रंजनाबाई पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर बाळ. त्यांनी तेलाची वाटी घ्यायला मान वळवली होती. शेजारी मनवा उकिडवी बसली होती. तिनं बोट केलं.

"बाबा," ती म्हणाली.

रंजनाबाईंनी तिच्या बोटाच्या रोखानं बघितलं. चकतीचा दिवा हिरवा होता. त्या हसणार होत्या. मग त्यांना दिव्याखालची छाती दिसली. ती हलत नव्हती.

ओठ जांभळे पडले होते. रंजनाबाईंनी हाक मारली नाही, काही नाही. बाळाचा तळवा धरून अंगठ्यानं घासला. एकदा, परत, परत, जोरानं. पाठीवर टिचक्या मारल्या. "आठव गं," त्या म्हणाल्या. "आठव, आठव, माझे बाये." पूनम उठली आणि तिथंच उभी राहिली. केतकीला फक्त तो दिवा दिसत होता. हिरवा. स्थिर.

मग बाळानं उचकी दिल्यासारखा श्वास ओढला आणि मांजरासारखं रडलं.

पूनमनं पोर छातीशी घेतलं. कितीतरी वेळानं तिनं खुंटीला अडकवलेल्या फोनकडं बघितलं आणि केतकीला विचारलं, "हा का वाजला नाही?"

*

तात्या आणि पूनम बाळाला घेऊन लाँचनं गेले. निलोफर सिस्टर पल्याडच्या धक्क्यावर गाडी घेऊन थांबणार होत्या. केतकी शाळेत गेली आणि मुलांच्या पाढ्यांच्या आवाजात तिनं शोधायला सुरुवात केली.

फार शोधावं लागलं नाही. चकती दोन ठिकाणी बोलायची. श्वासाचा रोजचा हिशेब केंद्राच्या नावाला. आणि धोक्याची हाक दुसऱ्याच एका नावाला. ते एका ठेकेदाराचं होतं. घंटा वाजवायचं काम केंद्रानं त्याला दिलं होतं. केंद्रानं इमारत बदलताना त्यानंही जागा बदलली होती. जुनं यंत्र बंद झालं होतं. हे नाव केतकीला माहीत असायचं कारण नव्हतं. म्हणूनच तर केंद्राच्या माणसानं सांगितलं होतं, पूर्ण पुसा.

त्या नावाचा पत्ता सांगणारं ठेकेदाराचं जुनं नोंदघरही बंद होतं आणि पेटीला तेवढंच ठाऊक होतं, म्हणून आठवड्यानं विचारलं तेव्हा पलीकडून काही आलं नव्हतं. पेटीनं शिकवल्याप्रमाणे केलं होतं. जुनं उत्तर धरून ठेवलं. चकतीनं पत्ता विचारला, पेटीनं दिला, पत्ता मिळाला म्हणून दिवा हिरवा राहिला आणि बाळाची हाक एका रिकाम्या खोलीत गेली. वाट अरुंद म्हणून चकतीची हाक पोच मागत नव्हती. केंद्राला वाटलं, सगळं ठीक आहे. हिशेब तर येतोच आहे.

पडद्यावर यादीत ते नाव आणि धैर्यशीलचं नाव वरखाली होती. दोघांपुढं एकच शेरा. उत्तर नाही, जुनं चालू.

तिनं पूनमला फोन लावला. सगळं सांगितलं. आपण काय पुसलं, काय ठेवलं आणि कशासाठी ठेवलं. पलीकडं लाँचचं इंजिन ऐकू येत होतं.

"पूनम?"

"आम्ही शुक्रवारी परत येणार," पूनम म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि मायाही नव्हती. "तोवर नीट कर."

*

शाळा सुटली. केतकी उठली नाही. दारात सावली आली, ती रंजनाबाईंची होती. मनवा त्यांचं बोट धरून होती.

"घरी ये. पोर भुकेली हाय."

"आत्याबाई, बसा जरा."

त्या तांदळाच्या पोत्यावर बसल्या. केतकीनं त्यांना सांगितलं, पूनमला सांगितलं तसंच. काही लपवलं नाही. त्या ऐकत होत्या, मनवाच्या केसांतून बोटं फिरवत.

"आता सगळं पुसायचंय," केतकी म्हणाली. "दोन्ही नियम काढायचे. गाव थोडं हळू होईल, होऊ दे. पण…" तिनं पडद्याकडं बघितलं. "त्याचं एक नाव मी हातानं लिहून ठेवू शकते. वेगळं. ते कुणाच्या वाटेत येणार नाही. मी तपासलंय. दिवा लागत राहील, आपल्या घरी. बाळाला त्याचा काही धोका नाही. खरंच नाही."

रंजनाबाईंनी मनवाला मांडीवर घेतलं.

"बाळंतिणीला आपण काय वाढतो?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"सांग की."

"गरम. ताजं."

"घरात टोपलीभर शिळ्या भाकरी असल्या तरी?"

"तरी."

"आपण खातो शिळं. दूध घालून खातो, तेलमीठ लावून खातो. म्या जन्मभर खाल्लंय, मला काय झालं न्हाई. पण बाळंतिणीच्या ताटात न्हाई वाढत. आन् एका टोपलीत ठेवत बी न्हाई, हात चुकंल म्हणून." त्या थांबल्या. "तुझा चुकला."

"चुकला," केतकी म्हणाली.

"माझा बी चुकला. म्या ह्या पोरीला शिकवलं, हिरवा दिवा म्हंजे बाबा. आज तिनं त्या मेल्या दिव्याला बोट केलं तवा मला कळलं, काय शिकवलंय ते. ते बाळ निळं पडलं व्हतं केतकी, आन् दिवा म्हणत व्हता, हाय, हाय." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. मग खाली सोडला. "पुस. हातानं बी लिहू नको."

"एकदा पुसलं की परत…"

"पुस म्हणते न्हवं."

केतकीनं आधी दोन्ही नियम काढले. मग ती एका ओळीची आज्ञा लिहिली. शेवटची कळ दाबायला तिचं बोट जाईना. रंजनाबाई उठल्या, तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. तेलाचा वास असलेला तो हात केतकीच्या हातावर आला. कळ दोघींच्या वजनानं दाबली गेली.

यादी रिकामी झाली. पेटी तशीच होती, पोळपाटाएवढी. पंख्याचा बारीक आवाज तसाच.

शाळेच्या भिंतीवरही एक हाळी होती. रंजनाबाई तिच्यासमोर गेल्या.

"आत्याबाई, नको."

"असू दे. एकदा खरं ऐकू दे." त्यांनी पदर नीट केला. "धैर्यशील."

आता पेटीकडं काही नव्हतं. म्हणून तिनं प्रश्न वर पाठवला. केतकी पडद्यावर बघत होती. प्रश्न तबकडीतून निघाला, वर गेला, शहरात उतरला, तिथून जिथं कंपनी होती तिथं गेला. तिथं कुणी नव्हतं. पेटीनं परत विचारलं, दुसऱ्या वाटेनं. परत विचारलं. दिवा लागला नाही. लाल झाला नाही, हिरवा झाला नाही, नुसता काचेचा मुगाएवढा ठिपका राहिला. रंजनाबाई त्यासमोर उभ्या होत्या, त्या म्हणाल्या होत्या तशा. त्या उभ्याच राहिल्या. केतकी जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली. मनवा दोघींच्या मधे घुसली.

बाहेर ऊन उतरलं तेव्हा मनवानं रंजनाबाईंचं लुगडं ओढलं.

"आजी, भूक."

"चल," त्या म्हणाल्या. आणि चुलीला लागायला घरी गेल्या.

*

शुक्रवारच्या लाँचनं पूनम आली. धक्क्यावर केतकी होती. पूनमनं तिच्याकडं बघितलं, क्षणभर थांबली आणि मग खांद्यावरची पिशवी काढून तिच्या हातात दिली. बाळ दिलं नाही. एवढंही पुष्कळ होतं.

घरी रंजनाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. चूल पेटलेली, भाकरी तव्यावर, लसणाचा आणि तुपाचा वास. पूनम टेकून बसली, बाळाला पुढ्यात निजवलं. केतकीनं चकती सुरू केली आणि सगळे दिव्याकडं बघत राहिले. तो लागेना.

"बिघडलं का गं?" तात्यांनी विचारलं. या वेळी त्यांनी कुणाच्या म्हातारीचा विषय काढला नाही.

"विचारायला गेलंय," केतकी म्हणाली. "आता दर वेळी जाऊन विचारणार. थोडा उशीर होईल."

उशीर झाला. पूनमनं ओठ आवळले होते. मग दिवा हिरवा झाला, आणि पाठोपाठ खुंटीवरचा फोन किंचाळला, मेलेला उठेल असा. बाळ दचकून रडायला लागलं. पलीकडं निलोफर सिस्टर होत्या. "चाचणी करतेय," त्या म्हणाल्या. "ऐकू आलं?"

"आलं," पूनम म्हणाली. मग ती रडली, बऱ्याच दिवसांचं साठलेलं.

रंजनाबाईंनी तव्यावरची भाकरी उचलून तिच्या ताटात घातली. वाफ येत होती. मनवा गुडघ्यांवर सरकत बाळापाशी आली, चकतीकडं बोट केलं आणि आजीकडं बघून म्हणाली, "बाबा."

"न्हाई गं माझे बाये," रंजनाबाई म्हणाल्या. "ते न्हाई." पिठाचा हात लुगड्याला पुसून त्या खाली बसल्या. मनवाचं बोट त्यांनी दिव्यावरून बाजूला घेतलं आणि तिचा अख्खा तळवा बाळाच्या पोटावर ठेवला, स्वतःच्या तळव्याखाली. "हितं बघ. दिवा नको बघू. वर. खाली. वर. खाली."

"वल," मनवा म्हणाली. तिचा हात उचलला गेला. ती थांबली, वाट बघत.

हात खाली आला.

"खाली," ती म्हणाली.